मोहरीएवढी हवा

दिवसभर मी हवा भरते,
हॅनकॉकच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
थकलेल्या फुप्फुसांत,
नळीतून, मास्कमधून, आकडे बघत बघत.
संध्याकाळी आर्वो कांगासच्या गॅरेजमध्ये
हवा काढायला शिकते.

बाहेर खिडकीच्या वरपर्यंत बर्फ.
आत मेपलच्या पातळ पट्ट्या
आणि पारदर्शक फायबरग्लासच्या दोन फिती:
एक धनुष्याच्या पाठीला, एक पोटाला.
ॲसिटोनचं झाकण उघडण्याआधी
आर्वो नाकातली नळी काढतो,
ऑक्सिजनची टाकी स्वतः दाराबाहेर नेऊन ठेवतो,
दमतो, स्टुलावर टेकतो.
मी त्याचे श्वास मोजते, सवयीने.
"माझ्याकडे नको," तो म्हणतो, "डब्याकडे बघ."

ढवळ, पण फेटू नकोस.
एकाच दिशेने, काडी वर न उचलता.
थंडीत इपॉक्सी काकवीसारखं जड;
घाई केली की फेस धरतं.
दोन्ही अंगांना लाव. एकाच अंगाला लावून भागत नाही,
कोरड्या बाजूच्या ओरखड्यांत हवा
दबा धरून बसते.
मग पट्टी टेकवायची. आधी मध्य,
मग बोटाबोटाने टोकांकडे,
जशी सतरंजी अंथरतात, सुरकुती पुढे ढकलत ढकलत.
कडेने ओघळ आला तिथे खात्री.
आणि एकदा टेकलेली पट्टी उचलायची नाही.
उचललीस की ती श्वास घेते.

आमच्याकडे पोळी फुगली की शाबासकी,
मी त्याला सांगितलं.
तो हसला, मग खोकला,
मग बराच वेळ नुसता खोकला.

साच्याच्या दोन ठोकळ्यांमध्ये
अग्निशमन दलाचा जुना होज.
त्यात पंपाने हवा: वीस पौंड. थांब.
ओघळ थांबू दे. चाळीस. थांब.
"हवाच हवेला हुसकते," आर्वो म्हणतो
आणि गेजवरची नजर हलवत नाही.

भिंतीवर त्याचं जुनं धनुष्य आहे.
वरच्या बाहूत, काचेखाली,
मोहरीएवढा चंदेरी ठिपका.
सत्त्याऐंशी सालचा मार्च.
पट्टी टेकवताना लेम्पी दारात आली,
काहीतरी म्हणाली, त्याने मान वळवली.
काय म्हणाली?
आठवत नाही. सूप गार होतंय,
किंवा बर्फ थांबलाय, किंवा कुणाचं तरी पत्र.
त्या धनुष्याने तीसेक हरणं पडली.
ठिपका तेवढाच. वाढला नाही, सरकला नाही.
लेम्पीला जाऊन नऊ हिवाळे झाले.

माझं धनुष्य रात्रभर
बल्बच्या पेटीत उबेला होतं.
दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून आले,
कडांचं काचेसारखं टणक इपॉक्सी घासलं,
दिव्यासमोर धरलं.
पाठ स्वच्छ. खालचा बाहू स्वच्छ.
मुठीच्या वर चार बोटांवर
एक ठिपका.

आर्वोने चष्मा लावला, नखाने टकटक केलं,
चालेल म्हणाला नाही, चुकलं म्हणाला नाही.
विचारलं,
"दारात कोण होतं?"

कुणी नव्हतं.
एप्रनच्या खिशात फोन थरथरला होता,
सांगलीहून. हातमोजे डिंकाने भरलेले.
घेतला नाही, मग राहूनच गेलं.
पण हात थांबला असणार,
एका श्वासाएवढा.

"मुठीचं चामडं जरा वर चढवलं
तर झाकेल," तो म्हणाला.
मी नको म्हटलं.
टाकी आत आणली, नळी त्याच्या नाकाशी बसवली,
काटा दोनवर ठेवला,
आणि दाराशी जाऊन हातमोजे काढले.
तिकडे साडेपाच वाजले असतील.
ती उठलेलीच असते.