यथाशक्य

धंतोलीत, दातांच्या दवाखान्यावरच्या खोलीत
आम्ही अकरा जण. कोरम सातचा.
खाली ड्रिल सुरू झालं की
लांजेवार सर वाक्य मध्येच धरून ठेवतात,
थांबलं की तिथूनच पुढे:
‘…कामगारांना सेवेत कायम केले जाईल.’

पक्ष आमचा नाही, आम्ही पक्षाचे नाही.
दर बैठकीत हे कुणीतरी म्हणतं
आणि मी इतिवृत्तात लिहिते.
पण जाहीरनामा समितीचा फोन आला
की त्या दिवशी चहा दोनदा होतो.

मागच्या निवडणुकीला बावीस पानं दिली.
मुश्ताकने इतवारीतून बांधून आणली, निळा पुठ्ठा.
पक्ष कार्यालयात तीन आठवडे त्यावर
कुणाचं तरी हेल्मेट होतं,
पुष्पाबाईंनी स्वतः पाहिलं.
मग छापून आलं. पान सदतीस.
आमचं एकच वाक्य, आमच्याच क्रियापदासकट.
फक्त मध्ये एक शब्द
सरकून जागा मागणाऱ्यासारखा बसलेला:
यथाशक्य.

त्या शब्दावरून आम्ही दोनदा फुटलो.
ढोबळे म्हणाला, आत गेल्याशिवाय तो निघणार नाही,
आणि आत गेला.
आता फोन त्याचा पीए उचलतो.
साहेब म्हणतात, तुमचं बरोबर आहे.
बरोबर असण्याचा एवढा कंटाळा
मला आधी कधी आला नव्हता.

डिसेंबर. अधिवेशन. टेकडी रोडवर बांबू बांधलेले.
सरकार त्यांचं, म्हणजे थोडं आमचंही,
म्हणून आमचा मोर्चा जरा बाजूला, जरा लहान.
पाच जणांना आत सोडलं.
पाचवी शेवंता गोंडाणे, कॉटन मार्केटची,
पहाटे चारपासून झाडून आलेली.

तिने पदराच्या गाठीतून पान सदतीस काढलं.
घड्यांवरची अक्षरं उडालेली.
वाचता येत नाही तिला,
पण तो शब्द कितवा
हे तिने मला आदल्या दिवशी दोनदा विचारलं होतं.
मंत्र्यांसमोर कागद धरला,
अंगठा नेमका तिथे.
‘वाचा सायेब. मोठ्यानं वाचा.’

त्यांनी वाचलं.
वाक्य कुठेच अडलं नाही.

मागे ढोबळे उभा होता.
अंगठ्याखाली काय आहे, त्याला ठाऊक होतं.
तो काही बोलला नाही. का, ते मी ठरवलेलं नाही.

रात्री इतिवृत्तात लिहिलं: ‘चर्चा झाली.’
अंगठ्याची नोंद घ्यायला ठराव लागतो,
आणि आम्ही तिथे पाचच होतो.