बाकी चाळीस

साडेपाच वाजले तरी आग्रा रोडवरचं ऊन
दुकानांच्या पायऱ्यांवर बसून होतं,
उठायचं नाव नाही.
कोकिळाबाई बैसाणे, निवृत्त वाहक, धुळे आगार,
मोरपंखी साडी, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला,
पाच कंदिलाच्या अलीकडे उभ्या राहिल्या
आणि म्हणाल्या,
"हातेसनं काय करू, पोरी?"

चोवीस वर्षं त्या हातांना काम होतं.
एकात मशीन, दुसऱ्याच्या बेचक्यात नोटा,
उभ्या दुमडलेल्या, दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या.
आता ते साडीला पुसले जात होते,
कोरडे असून.

फोटो होते त्यांचे.
ओळखपत्रावरचा, पासबुकावरचा,
पेन्शनच्या फॉर्मला डकवलेला, दोन्ही कान दिसतील असा.
"रस्त्यावरचा काढ एक," परवा म्हणाल्या होत्या.
"या गावात मी रोज आले, रोज निघाले.
उभी म्हणून कधी राहिले नाही."

उजेड वळवायला मी थर्माकोल आणला होता.
पहिल्याच झुळकेला तो रसवंतीच्या चरकावर जाऊन
दोन झाला.
वर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स,
त्यातले सतरा चेहरे सारखेच गोरे,
सूर्याला न विचारता उजळलेले.
आणि खाली माझ्या काचेत
कोकिळाबाईंच्या नाकाची सावली
ओठावर येऊन बसलेली, मिशीसारखी.
मोटारसायकलवरचा एक जण थांबून सल्ला देऊन गेला,
"हसा ना, मावशी!"
त्या हसल्या नाहीत.
तिकीट न काढणाऱ्याकडे बघावं
तसं बघितलं फक्त.

भांड्यांच्या दुकानातला हेमराज
मघापासून सगळं पाहत होता.
काही न बोलता सोनगीरची परात घेऊन आला,
पितळेची, आतून बारीक ठोक्यांची.
"ही धरू का?"

धरली.
सावळ्या गालावर उजेड आला तो
पन्ह्याच्या रंगाचा,
ठोक्याठोक्यानं हलणारा,
कारण हेमराजचे हात भरून आले होते.
हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके निघाले,
चोवीस वर्षांच्या एकाही ओळखपत्राला
न सापडलेले.

मग कुल्फीवाल्यानं घंटी वाजवली. दोनदा.
आणि कोकिळाबाईंची मान
आपोआप मागे वळली,
मागचं कुणी राहिलं का, दार लागलं का;
उजवा हात वर गेला
नसलेल्या दोरीकडे.
तेवढ्यात मी बटण दाबलं.
मला माहीत होतं, हाच.
असा फोटो वर्षातून एकदा मिळतो
आणि त्या वर्षी तरी मिळतोच असं नाही.

दुकानात पडद्यावर एकेक दाखवले.
त्या हातापाशी त्या थोड्या थांबल्या.
"हाई तर ड्युटी शे," म्हणाल्या, "पुढे जाय."
पुढे, त्याच्याही पुढे,
मी काढून टाकायच्या यादीत घातलेला एक:
डोळे अर्धे मिटलेले,
कडेला परातीचा काठ
आणि हेमराजचा काळपट अंगठा, नखासकट.
"हाऊ."
मी म्हणाले, कडेचं कापते, अंगठा जाईल.
"कापू नको.
मनासाठे उजेड धरीसन कोनी उभं शे,
ते दिसू दे."

चारशे साठ झाले होते. त्यांनी पाचशेची दिली.
गल्ल्यात सुट्टे नव्हते.
शेजारी विचारलं, तिथेही नव्हते.
तेव्हा त्यांनीच माझं पेन उचललं,
पाकीट पालथं केलं
आणि सवयीच्या हातानं पाठीवर लिहिलं:
बाकी ४०.
खाली एक गोल.
"उतरताना मागीन," म्हणाल्या,
आणि पायरी उतरून
गर्दीत गेल्या, पायी.

तो दुसरा फोटो माझ्याकडे आहे.
हात वर. दोरी नाही.
चाळीस रुपयेही अजून
माझ्याकडेच.