सातवे पुष्प

अहवालाची पहिली ओळ नेहमीचीच :
‘सार्वजनिक धोरण प्रशालेच्या व्याख्यानमालेतील
सातवे पुष्प डॉ. वृंदा केंकरे यांनी गुंफले.’
सहा पुष्पं मीच लिहिली याआधी.
एखादं कोमेजलं, असं
फाइलीत तरी कुठे सापडत नाही.

विषय : किनारा नियमन आणि लोकसहभाग.
लोकसहभागाला दुसऱ्या वर्षाची मुलं आणली होती
हजेरीचे दोन गुण कबूल करून.
पुढच्या रांगेत बंदर खात्याचे साहेब,
शेजारची खुर्ची त्यांच्या बॅगेला.
पाहुण्यांना शाल, श्रीफळ
आणि काळ्या पिशवीतलं हापूसचं कलम,
जे विमानात नेता येत नाही म्हणून
दर वेळी माझ्याच परसात येतं.
(सहा लावली. एक मेलं.)

साडेअकराला वीज गेली, आली.
मग पडद्यावर रत्नागिरी उमटली,
भाट्याची खाडी, मिरकरवाड्याची जेटी,
आणि घरांवरून गेलेली एक लाल रेघ.
बाई बोलल्या छान. खरंच छान.
भरतीरेषा म्हणजे काय,
अलीकडे काय बांधता येतं,
पलीकडे काय होतं असं मानता येत नाही.
साहेबांनी दोनदा मान हलवली,
एकदा फोनला.

गुणाबाई डोर्लेकर शेवटच्या रांगेत होत्या.
व्याख्यानाला आल्या नव्हत्या.
कँटीनला दिलेल्या बांगड्यांचं
तीन महिन्यांचं बिल होतं,
लेखा विभाग म्हणाला, जेवणानंतर या,
आणि सभागृहात पंखा होता.
रिकामी पाटी त्यांनी खुर्चीखाली सरकवली,
वासाला कोणी नाक मुरडायच्या आत.

‘कुणाला काही प्रश्न?’
हा माझा सगळ्यात नावडता अर्धा मिनिट.
माईक घेऊन रांगांमधून फिरतो मी
उदबत्ती ओवाळावी तसा,
आणि मुलं बुटांकडे बघतात.
गुणाबाईंनी तो हातातून काढूनच घेतला.

“ही रेग कवा वडली?”
बाईंनी साल सांगितलं, उपग्रह सांगितला.
“साल नको. म्हयना सांगा.”

मुलं हसली. बाई हसल्या नाहीत.
टिपणं चाळली. परत चाळली.

“नाय ना त्यात?
आमच्या दाराच्या खांबाला चुन्याच्या खुना हायत.
सासू मारायची, आता मी मारतंय.
आषाढातल्या अवसेची येगली,
नारली पुनवेची येगली.
मी लगीन होऊन आलंय तवापासनं
चार बोटं चडलंय पानी.
तुमची रेग चुलीवरनं गेलीय
नि पानी चुलीपत्तूर आजून यायचं हाय.
मंग आदी कोन आलं?”

पंख्याचा आवाज इतका मोठा आहे
हे मला तेव्हा कळलं.
बाई वही घेऊन मंचावरून उतरल्या,
पायरी चुकली, सावरल्या,
म्हणाल्या, “खांब केवढा आहे?”

पण साडेबारा झाले होते.
संचालकांनी घड्याळावर बोट ठेवलं,
साहेबांचं जेवण सर्किट हाउसला होतं,
आणि आभारप्रदर्शन माझ्याकडे.
माईक परत मागायला पुढे झाला
तो हात माझाच.

अहवालात लिहिलं :
‘प्रश्नोत्तरांना उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला.’
चार शब्द.

उपस्थितीच्या तक्त्यावर
नाव, पद, संस्था, शेरा असे रकाने असतात.
शेवटच्या पानावर, रेघ सोडून,
गुणा दत्ताराम डोर्लेकर.
पद कोरं. संस्था कोरी.
शेऱ्यात ठसठशीत : बिल बाकी.

लेखा विभाग म्हणतो, बिलावर मूळ सही नाही.
संचालक म्हणतात, ते पान जोडू नका,
बासष्ट पुरेत.
आठव्या पुष्पाचा फ्लेक्स छापून आलाय,
माझ्या टेबलामागे गुंडाळून उभा आहे.

अहवाल मंगळवारी जायचाय.
सोमवारी अवस.
सातव्या कलमाला खड्डा खणलाय मी,
त्याची खोली मोजून झाली,
आणि टेप अजून खिशातच आहे.