तीन सूत

नवी फाइल उघडली की तो आधीच तिथे उभा असतो
शून्य-शून्य-शून्यवर,
लाल, हिरव्या, निळ्या रेषा जिथे भेटतात तिथे.
खिशात हात, पायात बूट,
पाच फूट दहा इंच.
मापाचा अंदाज यावा म्हणून कंपनीने दिलेला.
कुठल्या गावचा, देव जाणे.
रावपुऱ्यात तरी कधी दिसला नाही.

अकरा वर्षं मी त्याच्याच कमरेवरून ओटे आखले,
त्याच्या हाताला लागतील असे वरचे कप्पे,
आणि मांजलपूरच्या, कारेलीबागेच्या बायका
चवड्यांवर उभ्या राहून डबे काढत राहिल्या.
तक्रार कुणी केली नाही.
स्टूल घेतलं त्यांनी.

कुमुदताई शिर्क्यांनी मात्र आल्या आल्या विचारलं,
"हा कोण गं?"

दांडिया बाजारात त्यांचं फॉल-पिकोचं काम.
खोली नऊ बाय आठ,
तिच्यात मशीन, पलंग, गॅस, गिऱ्हाइकांच्या पिशव्या.
टेबल हवं होतं, दिवसा उघडं, रात्री भिंतीशी मिटलेलं.
"आणि माझा डावा हात खांद्यावर जात नाही," म्हणाल्या,
नळाला सातनंतर पाणी येत नाही
म्हणावं, तशा.

मी त्या माणसावर क्लिक केलं. डिलीट.
ताईंना खुर्चीत बसवलं, टेप लावली.
कोपर जमिनीपासून साडेतेवीस. गुडघा अठरा.
उंची चार फूट साडेआठ.
"नऊ लिही."
नऊ लिहिलं. साडेआठवर आखलं.

खोक्यांची एक बाई केली, डोक्याला गोळा,
डावा हात एका कोनापुढे न उठणारा.
दोन दिवस ती स्क्रीनवर बसून राहिली
आणि मी तिच्यापुढे टेबल मिटत, उघडत राहिले:
बिजागरी कुठे, आधी पाय की आधी फळी,
उजव्या एकट्या हाताला पेलेल का.
वरून पाहिलं, खालून पाहिलं,
भिंतीच्या आत शिरून पाहिलं,
जिथून टेबल पाहायची वेळ
पालीवरसुद्धा येत नाही.

प्रिंट घेऊन नटुभाई सुथारांकडे गेले, पाणीगेटला.
त्यांनी कागद आधी उलटा धरला, मग सुलटा,
कानावरची पेन्सिल काढली
आणि माझ्या मिलिमीटरांच्या डोक्यावर सूत लिहीत गेले.
सहा सूत. चार सूत. सव्वादोन फूट वर एक सूत.
प्लायच्या अठरापाशी थांबून हसले.
"अढार तो कागळ पर छे, बेन."
घरी येऊन अकरा खाचा अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने
पुन्हा आखल्या.

बसवायच्या दिवशी त्यांनी ओळंबा सोडला,
एक डोळा मिटला.
"भींत वांकी छे."
माझ्या फाइलीत भिंत सरळ होती,
कुणी न विचारता सरळ.
चौकट वर टेकली, खाली तीन सूत उघडी राहिली.
मी म्हटलं पट्टी मारू, पुट्टी भरू,
पैसे नकोत त्याचे.
कुमुदताईंना सूत म्हणजे दोराच वाटला;
"तीन दोऱ्यांचं काय एवढं?" म्हणाल्या,
आणि कापड मापायची लाकडी पट्टी
त्या फटीत सरकवून दिली.
अजून तिथेच असते म्हणतात.

रात्री मी फाइल उघडून भिंत तिरकी केली.
बिल झालेलं होतं. कुणी मागितलं नव्हतं.

आता नवी फाइल उघडली की
बाईच बसलेली असते, खोक्यांची.
अलकापुरीचे एक साहेब, बँकेतले, उंच,
परवा स्क्रीनकडे बोट करून म्हणाले, "ही कोण?"
मापाची बाई, म्हटलं.
त्यांच्या घरी स्वयंपाक तेच करतात.
बायको पाच फूट, फिरतीवर, महिन्यातून आठ दिवस घरात.
ओटा चौतीस इंच ठेवावा की बत्तीस,
तीन दिवस झाले,
ठरत नाहीये.