लाल तेल घालू नये

दस्तगीरनं गोणपाट सोडलं, बाकावर ठेवला
सव्वादोन किलोचा ठोकळा:
एका टोकाला कान, दुसऱ्या टोकाला दांडा,
बाजूला दोन तोंडं, दोन्हींत चिंध्या कोंबलेल्या.
"विमानाचं हाय म्हणत्यात बे," तो म्हणाला,
"न्हाई तर रणगाड्याचं. तू नाव सांग.
नाव असलं तर पुण्याचं गिऱ्हाईक आकडा लिहितंय,
नसलं तर ॲल्युमिनिअम, आजच्या भावानं."

अक्कलकोट रोडला माझा गाळा. मे महिना.
पत्र्याखालचा पाना उचलायचा तर आधी हाताला फडकं.
भिंतीपलीकडे बुर्लांचे आठ माग,
त्यांची खटखट थांबली की कळतं, वीज गेली.

पाटी घासलेली, काडेपेटीपेक्षा लहान.
खडू फासला, फुंकला, बॅटरी आडवी धरली.
एक सात. मग काहीच नाही. मग तीन,
किंवा आठ, ज्याचा अर्धा भाग कानशीनं नेला.
कोपऱ्यात शिक्का, शेंगदाण्याएवढा, त्यात मुकुट.
मुकुट पाहायचाच म्हटलं की दिसतोच,
म्हणून चहा पिऊन आलो आणि पुन्हा पाहिलं.
चरा होता.

मग आटे. मोजायची फणी काढली.
आमच्या घरात फणी म्हणजे मागाची,
ताता तिच्या घरांतून एकेक सूत ओवायचा
आणि मला मध्ये बोलू द्यायचा नाही.
ही पोलादी. साठ अंशांची लावली,
दातांमधून उजेड येत राहिला.
पंचावन्नाची बसली, दार लावल्यासारखी गप्प.
म्हणजे विलायती. म्हणजे माझ्या आधीचं.
एवढं वहीत लिहिलं.

झाकण तीन दिवस हललं नाही.
चौथ्या दिवशी गरम करून, शिवी देऊन, हललं.
आत चमचाभर तेल, काकवीच्या रंगाचं,
आणि वास.
मी सातवीत असताना महिन्याच्या पहिल्या रविवारी
अम्मा नाक दाबून चमचा तोंडात घालायची,
"मिंगु, मिंगु," गीळ म्हणायची, आणि वर गुळाचा खडा.
एरंडेल.
कुठल्या आभाळातून आलं ते ठाऊक नाही, आणि
माझ्या बाकावर बाळगुटीसारखं दरवळतंय.
रबराची कडी अजून मऊ होती, अस्सल चिकाची.
हल्लीचं लाल तेल तिला लागलं असतं
तर फुगून बसली असती, जावयासारखी.

इथवर विमान उडत होतं.

मग दांडा पुरता बाहेर ओढला.
चाकं पोटात घेणारा दांडा टोकापासून टोकापर्यंत धावतो,
सगळीकडे सारखा झिजतो.
हा झिजला होता चारच बोटं.
तेवढीच चार बोटं, हजारो वेळा,
उरलेला भाग कोरा, कालच्यासारखा.
पुसणीच्या खाचेतून टाचणीनं काढलं
ते तेलात भिजून नमद्यासारखं झालेलं तूस,
निळं, आणि थोडं डाळिंबी.
सुती.
नखावर ठेवून फुंकर मारली, उडालं नाही.

दस्तगीरला फोन लावला. कुठं सापडलं खरं सांग.
पलीकडे बराच वेळ रिक्षाचा आवाज.
"बंद गिरणीच्या मागच्या शेडमधून," तो म्हणाला,
"चादरीचे गठ्ठे दाबायच्या प्रेसला होतं.
ते पुण्याला सांगू नको की."

म्हणजे कुणीतरी फिटर, लिलावातून उचलून आणलेलं हे धूड
इथल्या प्रेसला जोडून गेला,
आणि एरंडेलच घालत राहिला, वर्षानुवर्षं.
त्याला वासावरून कळलं असेल. त्याचीही कुणी अम्मा असेल.
की दुसरं काही परवडत नव्हतं?
ह्यातलं वहीत काही लिहिलं नाही.

संध्याकाळी दस्तगीर आला. "नाव?"
नाव नाही, म्हटलं.
जातीचं विलायती, कामाला सोलापुरी.
तो हसला नाही. काट्याकडे बघत होता.

मी पुठ्ठा कापला, तारेनं कानाला बांधला,
कुणी विकत घेवो, कुणी वितळवो:
*आटे पंचावन्न अंश. रबर चिकाचं.
एरंडेल चालेल.
लाल तेल घालू नये.*