सोमवारच्या सुया

सोमवारी वशाट कोणी मागत नाही,
म्हणून सोमवार सुयांचा.
थर्मामीटरच्या चार सुया. तीन धड, चौथीचं टोक वाकडं.
इनासने ती कोंबडीच्या तंगडीत हाडावर दाबली होती,
वर म्हणाला, "हाडच वाकडां होतां."

आधी अंघोळ.
टोकाला करपलेलं वाटण, त्यावर चरबीचा पिवळा थर.
सोडा कालवून लावायचा, जुन्या ब्रशने हलक्या हाताने घासायचं.
पण वायर दांडीत शिरते तिथवर पाणी न्यायचं नाही,
कान फुटलेल्या पोराला न्हाऊ घालतात तसं
जपून, एका कुशीवर.
मे महिन्यात एकीच्या आत पाणी गेलं
तर रिकाम्या हवेत ती दोनशे दहा सांगत बसली.
दोन दिवस तांदळाच्या डब्यात पुरली
तेव्हा कुठे भानावर आली.

मग बर्फ.
पेला चुऱ्याने गच्च, वर थोडं पाणी, ढवळायचं,
टोक मधोमध, बुडाला टेकू द्यायचं नाही.
शून्य यायला हवं.

मी नवी होते तेव्हा आलं उणे दोन.
दुसरीचं उणे दोन. तिसरीचं तेच.
वाकडीचं उणे एक.
"चारही खोटारड्या" असं वहीत लाल पेनाने लिहिलं
आणि मेतरशेठना नव्या मागवा म्हणून सांगायला निघाले,
तर इनासने पेल्यातला खडा उचलला, चोखला, मोरीत थुंकला.
"बंदरावरचो बर्फ हाडलंस गो? ह्यो खारो."
ज्यात बांगडे निजवतात तो.

तीन सुया खरं बोलत होत्या,
तिन्ही एकच बोलत होत्या,
आणि मला वाटलं, संगनमत आहे.

ती लाल ओळ अजून वहीत आहे.

शेवटी उकळतं पाणी. इथे शंभर.
इथे म्हणजे वेंगुर्ल्यात, ह्या मोरीपाशी,
जिथून मागच्या दाराने भरतीचा फेस दिसतो.
आंबोलीला दिलेल्या बहिणीचा फोन आला होता,
त्यांची घाटात खानावळ आहे.
"पाणी खळाखळा उकळतंय, आणि आमची सुई
अठ्ठ्याण्णवच्या आतच अडलीय. बिघडली काय गं?"
म्हटलं, सुई बरी आहे. तू वर गेलीस.
ती जरा वेळ बोललीच नाही.
मग म्हणाली, "होय. हय डाळ पण उशिरा शिजता."

पुसून, स्पिरिटचा बोळा फिरवून
चौघी खिडकीच्या गजाला टांगते.
खाऱ्या वाऱ्याने आठवड्यात गंज धरतो, म्हणून कोरडा फडका दोनदा.

वाकडी मी टाकलेली नाही.
बर्फात एक सांगते, उकळीत एकशे एक,
कधी दीड नाही, कधी अर्धा नाही.
तिच्या वायरला पांढरी पट्टी चिकटवली,
वर लिहिलं: एक वजा.

इनास अजून मटण बोटाने दाबून सांगतो, शिजला.
बहुतेक वेळा शिजलेलंच असतं.
त्याने पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"आणि माका खंयची पट्टी लावतलंस?"

पेल्यातला बर्फ मी मोरीत ओतला.
अर्धा विरघळला होता. गोडा होता.