स्टँड उजवीकडे

तांडापेठेत, बोळाच्या तोंडाशी, ताडपत्रीखाली उभी होती.
कुद्दूस मिस्त्री आधी काही बोलला नाही.
उकिडवा बसला, चेसिसवरचा नंबर थुंकी लावून पुसला,
आरसी बुकाशी ताडून पाहिला. जुळला.
"एवढंच जुळते," म्हणाला, "बाकी सगळी खिचडी हाय."

येझदी, सत्त्याऐंशीची. टाकी राजदूतची,
हेडलाइट कुठल्यातरी बुलेटचा,
मडगार्ड घरीच पत्रा कापून केलेलं,
रंग कूलरला देतात तो हिरवा.
मी वहीत लिहीत होतो, ऑफिसात लिहितो तसं, अनुक्रमांक टाकून:
स्टँड उलट्या बाजूला, उजवीकडे.
डाव्या फूटरेस्टला चामड्याचा पट्टा, कशाला कोण जाणे.
गियर पायात नाहीच. टाकीच्या उजव्या अंगाला सळई,
सळईवर लाकडाची मूठ.

"आरटीओवाले पाहूनच हसतीन," कुद्दूस म्हणाला.
"अन् मूळ पार्ट लावाचे तं दुसरी गाडीच घ्या ना बावा.
धा हजाराच्या वर एक रुपया नका देऊ."

कुमुद हेडाऊ पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.
अठरा सांगितले.
पुढे कमी-जास्त होईल असं काही म्हणाल्या नाहीत.
मी सीटवर बसून किक शोधू लागलो, तर:
"बसून नाही. खाली उभं राहून, उजव्या पायानं.
बाबा तशीच मारत."

चौथ्या किकला निळा धूर.
ओट्यावरचं कुत्रं उठून सावली बदलून बसलं.

रस्त्यावर माझा डावा पाय सारखा काहीतरी शोधत होता,
चपलेचं टोक वर, खाली, वर,
आणि तिथं नुसता पट्टा.
ॲक्सिलरेटर सोडायचा, मूठ धरायची, पुढं लोटायची.
एकदा न्यूट्रल. एकदा खर्रर्र.
मग खटकन बसला दुसरा, आणि तळहातापासून कोपरापर्यंत कळलं
की बसला.
गोळीबार चौकात सवयीनं डावा पाय टेकवला
तर गाडी उजवीकडे ओढू लागली;
तिला तीच बाजू ठाऊक.
मागून रिक्षावाला ओरडला, "काहून उभा राहिला बे?"
मी वहीतले अनुक्रमांक आठवत उभा होतो.
एकाच माणसाचं माप होतं ते.

"पाय लहानपणीच गेला," परत आल्यावर त्या म्हणाल्या,
"मागाच्या पावड्या दोन पायांच्या. ते जमलं नाही.
मग सूत पोचवायचे, लुगडी आणायचे,
मोहाडी, पवनी, उमरेड, सगळं याच्यावर."
मूठ म्हणजे धोटा होता, मधोमध कापलेला,
काकांनी माग विकला त्या वर्षीचा.

मी हिशेब मांडला. पिस्टन, रिंग, दोन टायर,
पासिंग, दंड, कुद्दूसची मजुरी,
बायको काय म्हणेल ते (याचा आकडा लिहिला नाही).
बेरीज गाडीच्या दुप्पट.

"एक आहे," कुमुद हेडाऊ म्हणाल्या, "मूठ देणार नाही."
आणि पाना न घेता, दोन बोटांनी फिरवून काढली.
आटे सैल होते. बरेचदा काढून पाहत असाव्यात.
ओढणीत गुंडाळून आत नेली.

कुद्दूसनं माझ्याकडे पाहिलं: आता तरी चला.
त्याचं बरोबर होतं. मला जे आवडलं होतं
ते आत फ्रिजवर जाऊन बसलं होतं.

सळईवर हात ठेवला. मे महिना, दुपारचे अडीच,
चटका बसला तो चांगलाच.
"सोळा," मी म्हणालो,
आणि माझाच आवाज ऐकून मला समजलं
की वही मिटली आहे.

कुद्दूस उठला, गुडघे झटकले, वैतागानं विचारलं,
"स्टँड तरी डावीकडे करून देऊ?"

"राहू दे सध्या," म्हणालो. "पाहू."